रॅकवरच्या पालेभाजीला कार्बन डायऑक्साइड कुठून द्यायचा?

प्रश्न: मुलुंडला आमच्या फ्लॅटमध्ये दहा बाय बाराची एक खोली मी घरून काम करण्यासाठी वापरते. तिथेच तीन फळ्यांचा एक रॅक आहे. तीन फूट लांब, दीड फूट खोल, पाच फूट उंच. त्यावर लेट्यूस, पालक, तांबडा माठ आणि तुळस लावली आहे. प्रत्येक फळीवर 20 वॅटच्या दोन एलईडी ट्यूब आहेत. एसीच्या हवेने पानं सुकायला लागली म्हणून रॅकला चारी बाजूंनी चेनवालं पारदर्शक प्लॅस्टिक कव्हर घातलं. कामाच्या वेळी डोळ्यांवर उजेड येतो म्हणून ट्यूब संध्याकाळी 6 ते सकाळी 6 चालतात. पहिले तीन आठवडे रोपं छान वाढली, मग ठप्प झाली. पानं पातळ आणि फिकट, लेट्यूसच्या आतल्या पानांच्या कडा तपकिरी. खत वाढवलं, फरक नाही. कार्बन डायऑक्साइड दिला की झाडं जोमाने वाढतात असं कळलं. यीस्ट-साखरेची बाटली, सोडा-व्हिनेगर, ड्राय आइस, मेणबत्ती, सिलिंडर, यातलं काय करू? दुपारी माझी चार वर्षांची मुलगी याच खोलीत झोपते. खिडकीत दोन ऑर्किड आणि एक स्नेक प्लांटही आहे. – एक वाचक, मुलुंड

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमच्या रोपांना कार्बन डायऑक्साइड कमी पडतोय, हा अंदाज बरोबर आहे. मात्र खोलीत त्याची काही कमी नाही. कमी आहे ती प्लॅस्टिकच्या आत. म्हणून बाटल्या आणि सिलिंडरकडे वळण्याआधी त्या कव्हरचा हिशेब करू, सगळं दुखणं तिथेच आहे.

तुम्ही दिलेल्या मापाने रॅकमध्ये साधारण 640 लिटर हवा मावते. बाहेरच्या हवेत आज कार्बन डायऑक्साइड 425 पीपीएमच्या आसपास असतो, म्हणजे दहा लाख भागांत 425 भाग. या हिशेबाने कव्हरच्या आत हा वायू जेमतेम पाव लिटर भरतो. आता तीन फळ्या पानांनी भरल्या आणि सहा ट्यूब पेटल्या की ही रोपं तासाला अंदाजे अर्धा लिटर कार्बन डायऑक्साइड ओढतात. म्हणजे चेन बंद करून दिवे लावले की अर्ध्या तासात आतला साठा संपत येतो. पुढचे साडेअकरा तास चेनच्या आणि शिवणीच्या फटींतून जेवढा झिरपेल तेवढ्यावर रोपं कशीबशी तगतात. पालक, लेट्यूससारख्या झाडांच्या आसपास हे प्रमाण 50 पीपीएमपर्यंत उतरलं की उजेडात कमावलेलं आणि श्वसनात खर्चलेलं सारखंच होतं, हाती काही उरत नाही. 200 पीपीएमला वाढ निम्म्याच्या आसपास येते. रोपं लहान होती तेव्हा पानं थोडी, ओढ कमी, म्हणून पहिले तीन आठवडे काहीच जाणवलं नाही. पानं वाढली तसा तुटवडा सुरू झाला. खताने फरक पडला नाही तो यामुळेच. खतातून नत्र, स्फुरद, पालाश मिळतं. झाडाच्या सुक्या वजनात चाळीस टक्क्यांहून अधिक असलेला कर्ब मात्र हवेतूनच यावा लागतो. उलट न वापरलेलं खत आता कुंड्यांत साठलं असेल. एकदा साध्या पाण्याने कुंड्या धुऊन काढा: कुंडीत माती जेवढी, त्याच्या दुप्पट पाणी हळूहळू ओता आणि पूर्ण निथळू द्या.

लेट्यूसच्या जळलेल्या कडांचं मूळही कव्हरच आहे. कॅल्शियम पानापर्यंत पोहोचतं ते पाण्याबरोबर, आणि पाणी वर चढतं ते पानातून बाष्प बाहेर पडत असेल तरच. कव्हरच्या आत हवा दमट आणि थिजलेली. गड्ड्याच्या आतली कोवळी पानं बाष्प टाकूच शकत नाहीत, त्यांच्या कडांना कॅल्शियम मिळत नाही आणि त्या करपतात. मातीत अंड्याच्या टरफलांची पूड कितीही घाला, हे थांबणार नाही. हवा हलली की थांबेल. करपलेला भाग पुन्हा हिरवा होत नाही, नवीन पानांकडे बघा.

काहीही विकत घेण्याआधी एक साधी परीक्षा घ्या. दहा दिवस कव्हरची पुढची चेन पूर्ण उघडी ठेवा, बाकी पाणी, दिवे, खत काही बदलू नका. या दहा दिवसांत आलेली पानं आधीच्यापेक्षा रुंद आणि जाड निघाली तर निदान पक्कं झालं.

दुसरी गडबड वेळेची आहे, आणि ती सुधारली की तुमचा मूळ प्रश्नच सुटतो. बसून काम करणारा माणूस तासाला साधारण 18 लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. तुमच्या खोलीत, दहा फूट उंची धरली तर, 34,000 लिटर हवा आहे. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच पुन्हा पुन्हा थंड करतो. दार-खिडकी लावून तुम्ही दोन तास बसलात की खोलीतलं प्रमाण सहज 1000 ते 1400 पीपीएमवर जातं. व्यावसायिक हरितगृहांत मुद्दाम पैसे खर्चून 800 ते 1200 पीपीएम ठेवतात. नेदरलँड्समध्ये तर रॉटरडॅमजवळच्या पर्निसच्या तेलशुद्धीकरण कारखान्यातला कार्बन डायऑक्साइड पाइपलाइनने हरितगृहांपर्यंत नेला जातो. तेवढंच प्रमाण तुमच्या खोलीत तुमच्या कामाच्या वेळात आपोआप तयार होतं. आणि नेमक्या त्याच वेळात तुमच्या ट्यूब बंद असतात, चेन लावलेली असते. अंधारात पालकाला या वायूचा काहीही उपयोग नाही. रात्री दिवे लागतात तेव्हा खोलीत कोणी नसतं.

तेव्हा पहिलं काम: टायमर बदला. ट्यूब सकाळी 9 ते रात्री 9 लावा. डोळ्यांवर येणाऱ्या उजेडासाठी टेबलाकडच्या बाजूला जाड पुठ्ठा किंवा काळं कापड टांगा, मात्र रॅकपासून तीनेक इंच अंतर सोडून, म्हणजे हवा अडणार नाही. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला पांढरा कागद चिकटवला तर वाया जाणारा उजेडही झाडांवर परत पडेल.

दुसरं काम: कव्हरला पंखा. संगणकाच्या कॅबिनेटमध्ये असतो तसा 120 मिलिमीटरचा पंखा लॅमिंग्टन रोडवर कुठेही मिळतो. 5 व्होल्टचा यूएसबी पंखा मागा, म्हणजे घरातल्या जुन्या मोबाइल चार्जरवर चालेल. 12 व्होल्टचा पंखाही 5 व्होल्टवर हळू आणि आवाज न करता फिरतो, पण काही पंखे इतक्या कमी व्होल्टवर सुरूच होत नाहीत, म्हणून दुकानातच लावून बघा. कव्हरच्या एका बाजूला खाली, पहिल्या फळीच्या उंचीवर, पंख्याच्या मापाचं भोक कापा आणि पंखा हवा आत ढकलेल असा बसवा. प्लॅस्टिक फाटत जाऊ नये म्हणून भोकाच्या कडेला आधी रुंद चिकटपट्टी लावा, मग कापा. समोरच्या बाजूला अगदी वर सहा इंच लांब, दोन इंच रुंद खाच ठेवा. ट्यूबच्या उष्णतेने हवा तशीही वर जाते, तिला तिकडून वाट मिळेल. दोन्हीकडे मच्छरदाणीची जाळी चिकटवा, नाहीतर मावा आणि चिलटं आत शिरतील.

किती हवा लागते तेही सांगतो. खोलीत 900 पीपीएम असेल आणि रॅकमध्ये 800 टिकवायचं असेल तर तासाला फक्त पाच घनमीटर हवा पुरते. हळू फिरणारा पंखाही याच्या कितीतरी पट हवा देतो. तेव्हा वेग वाढवण्याच्या भानगडीत पडू नका. पान किंचित थरथरलं पाहिजे, फडफडता कामा नये. या थरथरीचा स्वतंत्र फायदा आहे. स्थिर हवेत पानाला चिकटून हवेचा एक पातळ थर राहतो आणि त्यातला कार्बन डायऑक्साइड पान आधीच खाऊन टाकतं. झुळूक तो थर सतत बदलत राहते. कव्हरमुळे राखलेला दमटपणा पंख्याने थोडा कमी होईल, पण फळीखाली पाण्याचा ट्रे ठेवला तर पानं सुकणार नाहीत. पंखा दिवे असताना चालू हवाच. रात्री बंद ठेवला तरी चालतो. रात्री रोपांच्या आणि मातीतल्या जिवाणूंच्या श्वसनाने आतलं प्रमाण वाढतं, सकाळी दिवे लागले की पहिल्या तासाभरात ते वापरलंही जातं.

उजेडाबद्दल एक गोष्ट स्पष्ट हवी. कार्बन डायऑक्साइड वाढवल्याचा फायदा उजेडाच्या मापातच मिळतो. मोबाइलवरच्या लक्स मोजणाऱ्या ॲपने पानांच्या उंचीवर मोजून बघा. पांढऱ्या एलईडीखाली 10,000 लक्स मिळत असतील तर लेट्यूस-पालकाला 800 ते 1000 पीपीएमचा चांगला उपयोग होईल. 3,000 लक्सच्या खाली फरक अगदी शून्य नसतो, पण तो तुम्हाला दिसणार नाही. अशा वेळी आधी ट्यूब खाली आणा, पानांपासून सहा इंचांवर. एलईडी ट्यूब तेवढ्या जवळून पानं जाळत नाही.

आता तुम्ही विचारलेले मार्ग एकेक करून बघू. माप समजलं की निवड सोपी होते.

यीस्टची बाटली सगळ्यांत लोकप्रिय आहे आणि तिच्याबद्दलचे गैरसमजही सर्वांत जास्त. 150 ग्रॅम साखर पूर्ण आंबली तर हिशेबाने 75 ग्रॅमच्या वर, म्हणजे चाळीसेक लिटर वायू निघायला हवा. प्रत्यक्षात यीस्ट मधेच थकतं, झाकणातून थोडी गळती होते, हाती तीस-पस्तीस लिटर लागतो, तोही आठ दिवसांत मिळून. तुम्ही तो दोन तासांत श्वासावाटे टाकता. खोलीत अशी बाटली ठेवली तर प्रमाण दहा-पंधरा पीपीएमने वाढेल, म्हणजे काहीच नाही. पंखा लावलेल्या रॅकमध्येही तेच, कारण आत सोडलेला वायू पंखा लगेच बाहेर काढेल. बाटली उपयोगी पडते ती दोन ठिकाणी: पूर्ण बंद लहान पेटीत, उदाहरणार्थ कलमं रुजवायचा झाकणाचा डबा, आणि पाणवनस्पती लावलेल्या मत्स्यटाकीत. पाण्यात हा वायू हवेच्या मानाने हजारो पटींनी हळू पसरतो, त्यामुळे पाण्यातल्या झाडांना त्याची खरोखर चणचण असते.

त्यासाठी बाटली करायची तर नीट करा. कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली घ्या. पाण्याची पातळ बाटली चालत नाही, ती दाबाने फुगते. एक लिटर कोमट पाणी, बोटाला सोसवेल इतपतच. नळाचं पाणी उकळून गार केलेलं बरं, त्यातलं क्लोरीन यीस्टला मंदावतं. त्यात 150 ग्रॅम साखर, पाव चमचा कोरडं इन्स्टंट यीस्ट आणि चिमूटभर खाण्याचा सोडा. साखर वाढवून बाटली जास्त दिवस चालत नाही. दारूचं प्रमाण दहा टक्क्यांकडे गेलं की बेकरीचं यीस्ट मान टाकतं आणि उरलेली साखर तशीच राहते. बाटली दोन तृतीयांशच्या वर भरू नका, कारण फेस नळीत चढतो आणि नळी तुंबते.

झाकणाला भोक पाडताना ते नळीपेक्षा किंचित बारीक ठेवा. मत्स्यटाकीच्या हवेच्या नळीचं टोक तिरकं कापा, भोकातून घाला आणि आतून पकडीने ओढून घ्या, म्हणजे ती घट्ट बसते. झटपट चिकटणारा गोंद या झाकणांच्या प्लॅस्टिकवर धरत नाही, दोन दिवसांत सुटतो आणि गॅस तिथूनच निसटतो. क्रॉफर्ड मार्केटच्या माशांच्या दुकानांत नळी, एकेरी झडप आणि तयार झाकणंही मिळतात. बाटलीनंतर पाव पाणी भरलेली दुसरी लहान बाटली जोडा. तिच्यात बुडबुडे दिसतात आणि फेस आलाच तर तिथेच अडतो. मत्स्यटाकी असेल तर एकेरी झडप लावाच, नाहीतर बाटली गार झाली की टाकीतलं पाणी उलटं ओढलं जातं. मुंबईच्या उकाड्यात पहिले दोन-तीन दिवस बुडबुडे धो धो येतात आणि नंतर झपाट्याने कमी होतात. एकसारखा वायू हवा असेल तर दोन बाटल्या चार दिवसांच्या अंतराने सुरू करा. बुडबुडे बंद पडले तर आधी झाकणाला साबणाचं पाणी लावून गळती शोधा, मग यीस्टला दोष द्या. नळी न जोडता झाकण घट्ट लावून बाटली कधीही ठेवू नका, ती फुटते.

सोडा-व्हिनेगरचा हिशेब आणखी मजेशीर आहे. सपाट चमचाभर खाण्याचा सोडा म्हणजे साधारण 5 ग्रॅम. पुरेसं आम्ल मिळालं तर त्यातून दीड लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो. तुमच्या खोलीत त्याने फक्त 40 पीपीएमची भर पडेल, माणसाच्या पाच मिनिटांच्या श्वासाएवढी. पण तोच चमचा बंद रॅकमध्ये 2,000 पीपीएमहून जास्त वाढवेल. म्हणजे रॅकला एका वेळी एक ग्रॅम पुरे, त्याने 450 पीपीएम वाढतात. अडचण अशी की सगळा वायू दोन मिनिटांत येतो आणि भुकेली रोपं तो तासाभरात संपवतात. मग दर तासाला कोण चमचा घेऊन बसणार? शिवाय घरगुती व्हिनेगरमध्ये आम्ल चार-पाच टक्केच असतं. 84 ग्रॅम सोड्याला जवळजवळ सव्वा लिटर व्हिनेगर लागतं; त्याहून कमी घातलं तर बाकीचा सोडा तळाशी तसाच राहतो. बहुतेकांचा प्रयोग इथेच फसतो.

त्यापेक्षा सायट्रिक ॲसिड बरं, किराणावाला ज्याला लिंबूसत्त्व म्हणतो ते. मत्स्यटाकीवाले दोन बाटल्यांची जोडणी वापरतात: एकीत 200 ग्रॅम सायट्रिक ॲसिड आणि 600 मिलिलिटर पाणी, दुसरीत 200 ग्रॅम खाण्याचा सोडा आणि 200 मिलिलिटर पाणी. दोन्ही झाकणं एका नळीने जोडलेली असतात आणि बारीक झडपेतून वायू सोडतात. पहिली बाटली दाबली की थोडं आम्ल दुसरीत जातं, दाब तयार होतो आणि पुढचं आपोआप चालतं. झडप रात्री बंद करता येते, यीस्टला ती सोय नाही. एका भरणीतून शंभरेक ग्रॅम वायू निघतो. मात्र या जोडणीला दाबमापक आणि सेफ्टी व्हॉल्व असलेलं तयार झाकणच घ्या, भोकं पाडून घरगुती झाकण करू नका. धुण्याचा सोडा वापरू नका, त्यातून तेवढ्याच वजनाला वायू कमी निघतो आणि हात जळजळतात.

ड्राय आइस घरात आणू नका. हा उणे 78 अंशांचा घन कार्बन डायऑक्साइड. एक किलो वितळत नाही, थेट वायू होतो, आणि तो वायू साडेपाचशे लिटरहून जास्त भरतो. तुमच्या खोलीत एवढ्याने 16,000 पीपीएम होतील. कामाच्या ठिकाणी आठ तासांची मर्यादा 5,000 पीपीएम धरतात. हा वायू हवेपेक्षा दीडपट जड, तो आधी जमिनीलगत साठतो, म्हणजे झोपलेल्या मुलाच्या उंचीवर.

सिलिंडरचंही तेच. दोन किलोचा लहान सिलिंडर गळून रिकामा झाला तर तुमच्या बंद खोलीत 33,000 पीपीएम होतात. 30,000 पीपीएममध्ये पंधरा मिनिटांपेक्षा जास्त थांबू नये, असं औद्योगिक सुरक्षेचे नियम सांगतात. शिवाय 31 अंशांच्या वर कार्बन डायऑक्साइड सिलिंडरमध्ये द्रवरूपात राहत नाही आणि दाब भराभर वाढतो. मुंबईत बंद घरात एप्रिल-मेमध्ये तेवढी उष्णता रोजची. ज्यांची मोठी मत्स्यटाकी आहे आणि खोली खेळत्या हवेची आहे, त्यांनी मान्यतेचा शिक्का असलेला सिलिंडर, चांगला रेग्युलेटर आणि दिव्यांच्या टायमरला जोडलेली विजेवरची झडप वापरावी. मूल झोपतं त्या खोलीत नको. आग विझवायचं नळकांडं यासाठी वापरायचं तर मनातही आणू नका.

मेणबत्ती आणि दिवा: एक मेणबत्ती तासाला नऊ-दहा लिटर वायू देते, माणसाच्या निम्मा. त्याबरोबर काजळी, थोडा कार्बन मोनॉक्साइड आणि प्लॅस्टिकच्या कव्हरजवळ उघडी ज्योत. नको. स्वयंपाकघरातली शेगडी तर तासाला दोनशे लिटरहून अधिक कार्बन डायऑक्साइड सोडते, तिथल्या खिडकीतल्या पुदिन्याला त्याचा वाटा मिळतो. पण त्यासाठी एक्झॉस्ट पंखा बंद ठेवू नका, ज्योतीतून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड माणसालाही त्रास देतात आणि पानांनाही.

कंपोस्टचा डबा मात्र चांगला सोबती आहे. रोज अर्धा किलो ओला कचरा पडत असेल आणि डबा नीट चालत असेल तर तासाला दोनेक लिटर वायू सतत निघतो, यीस्टच्या बाटलीच्या दहापट. तरी तो रॅकजवळ ठेवायला सांगणार नाही. वास, चिलटं आणि बुरशीचे कण एसीच्या बंद खोलीत नकोत. ड्राय बाल्कनीत असू द्या. त्यातलं पूर्ण कुजलेलं खत कुंड्यांत वरून बोटभर पसरा. मातीतले जिवाणू ते पचवताना थोडा वायू थेट पानांखाली सोडतात. धिंगरी अळिंबीच्या पिशव्या टांगायचा सल्लाही मिळतो. अळिंबी वायू देते हे खरं, पण उघड्या अळिंबीचे बीजाणू खोलीभर उडतात, दम्याच्या माणसाला ते सोसत नाहीत. सोडावॉटर झाडांना घालण्यात अर्थ नाही. त्यातला वायू कुंडीपर्यंत जाताजाताच उडतो आणि मुळांना फक्त आंबट पाणी मिळतं.

मोजण्याचं यंत्र घ्यायचं असेल तर पाटीवर एनडीआयआर, म्हणजे इन्फ्रारेड किरणांनी वायू मोजणारा संवेदक, लिहिलंय का ते बघा. स्वस्त यंत्रांत बरेचदा साधा वाससंवेदक असतो आणि त्यावरून कार्बन डायऑक्साइडचा नुसता अंदाज छापलेला असतो. फोडणी दिली, उदबत्ती लावली की त्याचा आकडा उसळतो. यीस्टच्या बाटलीतल्या दारूच्या वासानेही तो खोटाच चढतो. घेतलेलं यंत्र आधी वीस मिनिटं गॅलरीत ठेवा, 425 ते 450 च्या आसपास दिसलं पाहिजे. बरीच यंत्रं आठवड्यातून एकदा तरी बाहेरची हवा मिळेल असं धरून स्वतःला जुळवून घेतात. ती सदैव बंद खोलीत राहिली तर आकडे हळूहळू चुकत जातात, म्हणून दर रविवारी खिडक्या उघडून ठेवा. रॅकमध्ये यंत्र मधल्या फळीवर, पानांच्या उंचीवर, ट्यूबच्या थेट उजेडाबाहेर ठेवा. टेबलावर तोंडासमोर ठेवलेलं यंत्र तुमचा श्वास मोजतं.

खोलीत 1,200 च्या वर आकडा गेला की दार पाच मिनिटं उघडा. झाडांना त्याहून जास्तीचा फायदा नगण्य आहे; तुम्हाला मात्र डोकं जड वाटायला लागेल आणि मुलीची झोपही खोली कोंदट नसेल तरच नीट होईल. गणपतीला आठ-दहा दिवस गावी जाणार असाल तर कुठलीही बाटली लावून जाऊ नका. खोली बंद असली तरी फटींतून येणाऱ्या साध्या हवेत रॅकच्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त कार्बन डायऑक्साइड असतो. पंखा चालू राहिला, दिव्यांची वेळ आठ तासांवर आणली आणि पाण्याची सोय केली की भागतं.

तांबड्या माठाकडून या सगळ्याला प्रतिसाद मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. माठ, राजगिरा, मका, गवती चहा ही सी-4 गटातली झाडं. पानांच्या आत कार्बन डायऑक्साइड दाटवून घेण्याची सोय त्यांच्याकडे आहे, त्यामुळे साध्या हवेतच त्यांचं पोट भरतं. माठाला उजेड सर्वांत जास्त हवा. त्याला वरच्या फळीवर, ट्यूबच्या जवळ, खाचेच्या बाजूला ठेवा आणि पंख्यासमोरची मोक्याची जागा लेट्यूस-पालकाला द्या. मायक्रोग्रीन्स लावणार असाल तर तीही बाजूलाच. पहिला आठवडा ती बियांतल्या साठ्यावर जगतात.

ऑर्किड, तुमचं फॅलेनॉप्सिस जातीचं असेल तर, आणि स्नेक प्लांट यांची रीत उलटी आहे. ती पानांची छिद्रं रात्री उघडतात, तेव्हा कार्बन डायऑक्साइड साठवतात आणि दिवसा उजेडात वापरतात. दोन माणसं एसी लावून झोपतात त्या खोलीत पहाटेपर्यंत 2,000 पीपीएमच्या वर प्रमाण जातं. मनी प्लांटला अंधारात त्याचा उपयोग नाही, या दोघांना आहे. म्हणून रात्री ही झाडं बेडरूममध्ये न्यायला हरकत नाही, फक्त दिवसा त्यांना खिडकीचा उजेड मिळाला पाहिजे. ऑर्किडला कळ्या असतील तेव्हा आणखी एक पथ्य: धूर आणि पिकती फळं दोन्हींतून इथिलीन वायू निघतो आणि अगदी थोड्या इथिलीननेही कळ्या पिवळ्या पडून गळतात. तेव्हा उदबत्ती त्या खोलीत लावू नका, आणि मे महिन्यात हापूसची अढी घातलीत तर ती घराच्या दुसऱ्या टोकाला, खिडकी उघडी राहील अशा ठिकाणी घाला.